काळ्या कापडाखालची दिल्ली

काळ्या कापडाखाली डोकं घातलं की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि समोरच्या दुधी काचेवर यमुना दिसू लागते. पण ती वर असते, आभाळासारखी पसरलेली, आणि आभाळ खाली. डावीकडचा पूल उजवीकडे गेलेला, नावाड्याची होडी छपराला लटकलेल्या पाळण्यासारखी. भिंगातून आलेला प्रकाश सरळ रेषेत चालतो. वरून आलेला किरण खाली पोचतो, खालून आलेला वर, म्हणून चित्र उलटं पडतं. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावरही जग असंच उलटं पडतं, ते सुलटं करण्याचं काम मेंदू आयुष्यभर मुकाट्याने करत असतो. या कॅमेऱ्यात ते काम करायला कोणी नाही. पाच-दहा मिनिटं त्या काचेकडे पाहत राहिलं की आपण नदी म्हणून पाहायचं विसरतो. उजेडाचे आणि काळोखाचे आकार तेवढे दिसतात.

हा लार्ज फॉरमॅट कॅमेरा. यंत्र म्हणून त्याच्याइतकं साधं काही नाही. पुढे भिंग बसवलेली एक पाटी, मागे दुधी काचेची दुसरी पाटी आणि दोन्हींच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्या पडणारा भाता. चित्र जुळलं की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा, झाकणाची पट्टी ओढायची आणि शटर उघडायचं. एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे मावतात. त्यातला लहानातला नेहमीचा तुकडा ४ × ५ इंचांचा, म्हणजे आपल्या जुन्या छत्तीस फोटोंच्या रोलवरच्या एका चौकटीच्या सुमारे तेरापट क्षेत्रफळाचा. ८ × १० इंचांची फिल्म घेतली तर पन्नास पटींहून मोठा. म्हणूनच अशा फोटोत दूरच्या झाडाची फांदी न् फांदी मोजता येते.

दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात आजही थोडी का होईना, अशी माणसं आहेत जी हे धूड पाठीवर घेऊन पहाटे बाहेर पडतात. त्यांच्या कामात मला सर्वात विलक्षण वाटते ती एक गोष्ट. बाकीच्या फोटोंमध्ये ऋतू भिंगासमोर असतो. इथे तो कॅमेऱ्याच्या आत शिरतो. लाकूड फुगवतो, फिल्मवर धूळ बसवतो, रसायनाचा वेग बदलतो. जानेवारीत चार अंशांवर उतरणाऱ्या आणि मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणाऱ्या दिल्लीत तर तो फोटो काढणाऱ्याच्या बरोबरीने काम करतो, कधी त्याच्या बाजूने, कधी विरुद्ध.

हिवाळ्यापासूनच सुरुवात करू. डिसेंबर-जानेवारीत गंगा-यमुनेच्या सगळ्या मैदानावर रात्रभर जमीन थंड होत जाते आणि जमिनीलगतच्या ओलसर हवेचं धुकं होतं. आपण महाराष्ट्रात घाटात पाहतो ते धुकं येतं आणि जातं. हे येतं आणि बसून राहतं. काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर अशा पहाटे दुरून आलेले हजारो कुरव पक्षी पाण्यावर उडत असतात, शेव टाकणाऱ्या माणसांभोवती त्यांचा गलका चाललेला असतो. इथे मोठा कॅमेरा उभा केला की गणित विचित्र होतं. सगळं स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं, एफ ३२, एफ ४५. उजेड मुळातच कमी. मोजणीयंत्र सांगतं, एक मिनिट. पण शटर एक मिनिट उघडं ठेवलं तर निगेटिव्ह फिकी येते. का?

फिल्मवरचा चांदीचा कण प्रकाशाच्या एका थेंबाने जागा होत नाही. त्याला थोड्या वेळात पाठोपाठ बरेच थेंब लागतात. उजेड फार मंद असला तर पहिल्या थेंबाचा परिणाम दुसरा येईपर्यंत विरून जातो. थोडक्यात, फिल्मला विसर पडतो. त्यामुळे वेळ वाढवावा लागतो आणि तो सरळ प्रमाणात वाढवून भागत नाही. इल्फर्ड कंपनीची एफपी ४ प्लस ही फिल्म घ्या. तिच्या तक्त्यानुसार मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा: दहा सेकंदांचे अठरा होतात आणि एका मिनिटाची जवळजवळ तीन मिनिटं. या नियमामागे कार्ल श्वार्त्सशिल्ड नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस तो व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांची तेजस्विता काचेवरच्या फोटोंवरून मोजत होता. मंद ताऱ्यांचे हिशेब काही केल्या जुळेनात, तेव्हा त्याने हा घात शोधला. पुढे याच माणसाने १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची ती उकल मांडली, जिच्यातून कृष्णविवराची कल्पना निघाली. यमुनेच्या काठावर गोठलेल्या बोटांनी तीन मिनिटं मोजत उभा असलेला माणूस त्याचाच आकडा वापरत असतो.

त्या तीन मिनिटांत काय होतं पाहा. पक्षी एकाही जागी पुरेसा वेळ थांबत नाहीत, म्हणून निगेटिव्हवर उरतच नाहीत. पाणी लाटा विसरून दुधासारखं होतं. बांधलेली होडी हलकेच डुलते आणि तिच्या कडा मऊ पडतात. घाटाच्या पायऱ्या मात्र दगडासारख्या टणक येतात. जे थांबलं ते राहिलं. गलका केवढा होता हे फोटो बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

फेब्रुवारीत धुकं सरतं आणि हरियाणाच्या बाजूला मोहरीची शेतं पिवळी होतात. पायाशी असलेल्या फुलापासून क्षितिजावरच्या झाडांच्या रांगेपर्यंत सगळं एकदम स्पष्ट हवं असेल तर साध्या कॅमेऱ्याला ते जड जातं. मोठ्या फिल्मला लांब पल्ल्याचं भिंग लागतं आणि अशा भिंगाची स्पष्टतेची पट्टी अरुंद असते. उपाय भात्यात आहे. भाता लवचिक असल्यामुळे पुढची पाटी थोडी पुढे झुकवता येते. भिंगाचं प्रतल आणि फिल्मचं प्रतल वाढवत नेली तर ती एका रेषेत मिळतात, आणि स्पष्टतेचं प्रतलही त्याच रेषेतून जातं. ते उभं न राहता शेतावर चादरीसारखं आडवं पसरतं. ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या थेओडोर शाइम्पफ्लूग या कप्तानाने आकाशातून घेतलेले वाकडे फोटो सरळ करण्यासाठी हा नियम वापरला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दुधी काचेवर तो घडताना पाहणं हा एक सोहळाच आहे. पाटी दोन-तीन अंश झुकते आणि शेत पायापासून क्षितिजापर्यंत एकाएकी जागं होतं.

याच दिवसांत दिल्लीत काटेसावर फुलते आणि मागोमाग पळस. मार्चमध्ये पिंपळाची, पिलखनची जुनी पानं झडून तांबूस पालवी येते. पानगळ आणि वसंत एकाच पंधरवड्यात, ही इथली खासियत. एप्रिलअखेरपासून रस्तोरस्ती बहावा पिवळाधमक होतो. आता एक प्रश्न. एकोणिसाव्या शतकातल्या काचेवर हा बहावा कसा दिसला असता? जवळजवळ काळा. त्या काळातली रसायनं फक्त निळा आणि जांभळा प्रकाश ओळखत. पिवळ्या फुलातून निळा प्रकाश परत येतच नाही, लाल फुलातूनही नाही. उलट निळं आभाळ इतकं जोरात उमटे की पार पांढरं व्हायचं. जुन्या फोटोंतलं आभाळ नेहमी कोरं का असतं, या कुतूहलाचं उत्तर हेच. ढग तिथे होते, काचेला ते आभाळापासून वेगळे दिसले नाहीत. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळचा वसंत फोटोंत काळोखा आहे, तो केवळ चांदीच्या एका मर्यादेमुळे.

मग येतो तो उन्हाळा, आणि खरी झुंज इथेच आहे. फिल्म धुण्याचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, २० अंशांवर वापरायचं असं सगळे तक्ते सांगतात. जूनमध्ये दिल्लीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही इतकं तापलेलं असतं. तापमान वाढलं की रसायन घाई करतं: २० अंशांवरचं दहा मिनिटांचं काम २४ अंशांवर सातेक मिनिटांत उरकतं. त्याहून वर गेलं तर वेळ इतका कमी उरतो की हात सगळीकडे सारखा फिरत नाही आणि आभाळावर डाग पडतात. शिवाय फिल्मवरचा थर जिलेटिनचा, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या सरसाचा. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, नखाच्या स्पर्शानेही ओरखडतो. गरमातून एकदम गारात टाकला तर त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. म्हणून डार्करूममध्ये परातीत बर्फ, बर्फात ट्रे आणि ट्रेमध्ये तापमापक, असा संसार मांडावा लागतो. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्याचा तापलेला वारा, सुटलेली असते. आंधी आली तर होल्डरमध्ये शिरलेला धुळीचा एकेक कण फिल्मवर सावली धरतो आणि छापील फोटोत काळा ठिपका होऊन बसतो.

या उन्हाळ्याने छायाचित्रणाचा इतिहासच वळवला आहे. १८५१ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावात बुडवायचं आणि ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवायची. कलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल, दोन्ही भराभर उडून जाणारी. युरोपच्या थंडीत काच वाळायला काही मिनिटं लागत. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात काच कॅमेऱ्यात जाता जाता वाळायची. आग्र्याला कंपनीच्या नोकरीत एक डॉक्टर होते, जॉन मरे. त्यांनी ही अडचण कागदाने सोडवली. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने त्याच सुमारास मेणकागदाची पद्धत काढली होती. कागद आधी मेणात भिजवून मग रसायन चढवलं की तो काही दिवस टिकतो, घरी तयार करून सोबत नेता येतो. मरे यांनी साधारण १५ × १८ इंचांच्या अशा कागदी निगेटिव्हवर आग्रा, मथुरा, फत्तेपूर सिक्री आणि दिल्ली टिपली. पेपराच्या पानाएवढा कागद, आणि तोच निगेटिव्ह! तिकडे इंग्लंडात कागद मागे पडत चालला होता. इथे उन्हाने त्याला आयुष्य दिलं.

डॉक्टरांचे या कलेवर फार उपकार आहेत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. आणि १८७१ मध्ये ईथरच्या वाफांनी प्रकृती बिघडलेल्या रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. त्यातून कोरडी काच आली, जी महिनोन् महिने पेटीत राहू शकते. त्यापूर्वी सॅम्युएल बोर्न या छायाचित्रकाराला १८६६ मध्ये अठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो काढायला अख्खी डार्करूम हमालांच्या पाठीवर न्यावी लागली होती.

कॅमेऱ्याचं लाकूडसुद्धा आपल्या ऋतूंनी ठरवलं. इंग्लंडातल्या कारखान्यांनी 'ट्रॉपिकल' नावाने खास कॅमेरे काढले. ते सागवानाचे, कोपरे पितळी पट्ट्यांनी बांधलेले, कारण पावसाळ्यात सरस सुटतो आणि सांधे निखळतात. पुढे १९४० च्या दशकात केरळातल्या अलप्पुळा इथे के. करुणाकरन यांच्या वागीश्वरी कॅमेरा वर्क्समध्ये अस्सल देशी भात्याचे कॅमेरे बनू लागले आणि देशभरच्या स्टुडिओंत जाऊन पोचले. तुमच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो कदाचित त्यातल्याच एकाने काढलेला असेल. गुरुग्राममध्ये २०१९ साली उघडलेल्या 'म्युझिओ कॅमेरा' या संग्रहालयात असे जुने कॅमेरे जवळून पाहता येतात. मुलांना घेऊन अवश्य जा.

पहिला पाऊस पडला की छायाचित्रकार अरवलीकडे वळतो. गुरुग्राम आणि फरीदाबादच्या मध्ये मांगर गावाची बनी आहे. बनी म्हणजे आपल्या सह्याद्रीतली देवराई. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या रानातली काटकीही कोणी मोडत नाही, आणि म्हणूनच दिल्लीच्या रिज नावाच्या टेकड्यांवर जसा विलायती बाभळीचा कब्जा झाला तसा इथे झाला नाही. इथे धौ आहे, आपल्या धावड्याचा भाऊबंद. हिवाळ्याअखेर तो पानं टाकतो आणि सगळी दरी राखाडी होते. पाऊस येताच हीच दरी हिरवी होते. एकाच जागी, तिपाईच्या पायांखाली दगडांच्या खुणा करून, वर्षातून चार वेळा हीच दरी टिपण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाच्या वेडाच्या सुरुवातीला वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली होती. कॅमेरा हलवायचा नाही, काळाला पुढे सरकू द्यायचं, ही तीच शिस्त.

पावसाळ्यात हवा धुतलेली असते. कोरड्या महिन्यांत दूरची टेकडी धूसर दिसते, कारण हवेतले अतिबारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. भिंगावर लाल काच लावून निळा अडवला की टेकडी परत येते. हिवाळ्याच्या धुक्याला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. धुक्याचे थेंब मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. पण पाऊस कॅमेऱ्याला सुखाने जगू देत नाही. भिंगाच्या आत बुरशी जाळं विणते, फ्रिजमधून काढलेल्या फिल्मवर दव धरतं, आणि वारा सुटला की भाता शिडासारखा फुगतो.

जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत २०८.६६ मीटरची पातळी गाठली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला आणि पाणी लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आलं. लोकांना नवल वाटलं. पण शहाजहानने किल्ला बांधला तो नदीच्या काठावरच. नंतर नदी पूर्वेला सरकली आणि मोकळ्या पात्रातून रिंग रोड गेला. काही दिवस नदी आपल्या जुन्या जागी येऊन राहिली.

जुन्या फोटोंचं मोल अशा वेळी कळतं. फेलिचे बियातो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये दिल्लीत आला, तेव्हा त्याने जामा मशिदीच्या मिनारावरून शहराचा फोटो एकाशेजारी एक काचा जोडून घेतला. त्यात गच्च्या आहेत, गल्ल्या आहेत, माणूस जवळजवळ नाही. काही सेकंद उघड्या राहिलेल्या काचेवर चालता माणूस उमटत नाही, हे एक कारण. दुसरं कारण इतिहासाचं. १८५७ नंतर इंग्रजांनी शहरातल्या रहिवाशांना हाकलून दिलं होतं आणि मुसलमानांना परत यायला सर्वात जास्त काळ लागला. कोणती गल्ली रसायनाने रिकामी केली आणि कोणती बंदुकीने, हे काच सांगत नाही. पुढे किल्ला आणि मशीद यांच्यामधली वस्ती पाडली गेली. ती डोळ्यांनी पाहायची तर आज या काचांवर आणि मरे यांच्या कागदांवरच पाहावी लागते.

ऑक्टोबरचा उजेड स्वच्छ असतो आणि फार थोडे दिवस टिकतो. नोव्हेंबरच्या धुराबद्दल लिहावंसं वाटत नाही.

पुन्हा जुन्या काचांकडे वळू. दिल्लीच्या याच परिसरातला, मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ मध्ये जन्मलेला एक मुलगा रुरकीला इंजिनिअरिंग शिकला, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढू लागला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या प्रोत्साहनाने फोटोकडे वळला. तो म्हणजे राजा दीनदयाळ. मध्य भारतातली देवळं-किल्ले, हैदराबादच्या निजामाचा दरबार आणि १९०३ चा दिल्ली दरबार त्यांनी मोठ्या काचांवर टिपला. त्यांच्या कारकिर्दीतच ओल्या काचांचा जमाना संपून कोरड्या काचांचा सुरू झाला. १९०५ मध्ये ते गेले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. शंभराच्या आसपास पावसाळे त्या काचांनी सोसले होते.

एवढं नशीब सगळ्या काचांना लाभलं नाही. कितीतरी धुऊन पुन्हा वापरल्या गेल्या, कितीतरी भंगारात गेल्या. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओंत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून अशा पेट्या असू शकतात. तुमच्या घरी असलीच तर पत्र्याखालच्या माळ्यावरून ती पावसाळ्याआधी खाली आणा. जिलेटिनला दमट हवा लागली की काचा एकमेकींना चिकटतात. काच कडेने धरा, पाण्याने किंवा फडक्याने पुसू नका. प्रत्येक काच वेगळ्या साध्या कागदात गुंडाळा आणि आडवी न रचता लांब कडेवर उभी ठेवा. गुंडाळण्यापूर्वी खिडकीच्या उजेडासमोर एकेक धरून पाहा. आभाळ काळं दिसेल, झाडं पांढरी. गाव ओळखू यायला थोडा वेळ लागेल, पण येईल. कोणतं गाव, कोणतं घर हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा.